डाव्या हाताला बसलेला वाघ

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा मी चंद्रपूरला मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. साठ मुली, साठ ट्रंका, चार नळ आणि मी एकटी. यादी केल्याशिवाय तिथे दिवस उजाडत नसे. किराण्याची यादी, कुलपांची यादी, उवांचं औषध कुणाला लावलं आणि कोण पळून गेलं त्याची यादी. आमचे हे म्हणायचे, "उद्या मी हरवलो तर तू आधी यादीत बघशील आणि मग पोलिसांत जाशील." बघितलंच असतं. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

जंगलातल्या जनावरांचीही माझ्याकडे यादी होती. त्यासाठी एक जुना हजेरीपट मी बाजूला काढला होता. मुलींच्या नावांच्या जागी चितळ, सांबर, रोही, गवा, रानडुक्कर, रानकुत्रा, अस्वल, बिबट आणि सगळ्यात खाली वाघ. पुढे 'ह' किंवा 'गै', म्हणजे हजर किंवा गैरहजर. शेऱ्याच्या रकान्यात वेळ, अंतर, कोणत्या हाताला दिसलं आणि काय करत होतं. एका रोह्याच्या पुढे 'उभा, विनाकारण' असा शेरा अजून आहे.

हजेरी सगळ्यात चांगली भरते ती मे महिन्यात. साग बोडका झालेला असतो, नाले आटलेले असतात, पाणी दोन-चार ठिकाणीच उरतं आणि जनावरांना तिथे यावंच लागतं. उन्हाची भीती वाटते त्यांनी हिवाळ्यात जावं, हिरवी पानं बघावीत आणि घरी यावं.

तर त्या हजेरीपटात वाघाच्या ओळीत एकच 'ह' होता आणि तो खोटा होता. मुद्दाम लिहिलेला नव्हता, पण खोटाच.

झालं असं होतं. वसतिगृहातल्या एका मुलीच्या वडिलांची कागदावर सही हवी होती आणि त्यांचं गाव जंगलाच्या पलीकडे होतं. मी संध्याकाळच्या एस.टी.ने निघाले. दिवस मावळत होता. बस एका वळणावर हळू झाली आणि डाव्या हाताला मोहाच्या झाडाखाली मला वाघ दिसला. बसलेला. तोंड रस्त्याकडे. बसमधल्या चार-पाच जणांनी हात जोडले. मला वाटलं, भीतीने. कंडक्टरने तर मानही वर केली नाही. मला वाटलं, त्याला सवय असेल. मी घड्याळ बघितलं, अंतर डोळ्यांनी मोजलं आणि तिथल्या तिथे नोंद केली. परत येताना मुलीच्या वडिलांनी मला दुसऱ्या वाटेने बैलगाडीने मोठ्या रस्त्याला सोडलं, त्यामुळे ते वळण पुन्हा दिसलं नाही.

घरी आल्यावर मी पुण्याला माझ्या थोरल्या नणंदेला, वन्संना, पत्र लिहिलं. 'काल वाघ पाहिला. वेळ सहा वाजून पाच मिनिटे. अंतर वीस पावले. बसलेला. आमच्याकडेच पाहत होता. मी घाबरले नाही.'

शेवटचं वाक्य लिहायला नको होतं हे मला आता कळतं.

सहा महिन्यांनी त्याच मुलीच्या वडिलांच्या दुसऱ्या सहीसाठी मी त्याच रस्त्याने गेले, या वेळी भर दुपारी. वाघ तिथेच होता. डाव्या हाताला, त्याच मोहाखाली, तसाच बसलेला. एकाच ओंडक्यातून कोरलेला, अंगावर पिवळा रंग, त्यावर काळे पट्टे, एक कान तुटलेला, पुढे दगडांची रास आणि शेंदूर. जंगलातल्या गावांचा तो वाघदेव होता. येणारा-जाणारा हात जोडतो आणि पुढे जातो. मी सोडून बसमधल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं.

चूक कळली की दुरुस्त करायची, हा माझा नियम. हजेरीपटातल्या 'ह'भोवती मी लाल शाईने गोल केला. 'वन्संना वाघाबद्दल कळवणे' हे काम महिन्याच्या कामांच्या यादीत लिहिलं. पुढच्या महिन्यात ते पुढे ढकललं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. तोपर्यंत माझं पत्र पुण्यात फार लांब गेलं होतं.

याचं कारण असं की वन्सं मूळच्या चंद्रपूरजवळच्या सावली गावच्या. लग्न होऊन पुण्याला गेल्या आणि भाषा, स्वयंपाक, साडी नेसण्याची तऱ्हा, सगळं तिकडचं झालं. एकच गोष्ट त्यांना चुकवता येईना. चंद्रपूरकडच्या म्हटलं की जो तो विचारायचा, "मग वाघ पाहिला असेल ना?" आणि त्यांनी तर पाहिलेला नव्हता. सावलीला भाताच्या बांधीत त्यांनी बेडूक पाहिले, बगळे पाहिले, एकदा अजगर पाहिला. पण पुण्याला बेडकाचं कुणी विचारत नाही. त्यामुळे माझं पत्र त्यांना फार मोलाचं वाटलं. त्यांनी ते भिशीत वाचून दाखवलं, शेजारी वाचून दाखवलं, आणि कुणी शंका काढली की त्या म्हणायच्या, "आमच्या वहिनीनं लिहिलंय. तिच्या यादीत चूक म्हणून नसते."

ते काम मी छत्तीस महिने पुढे ढकललं. मग एप्रिलअखेरीस वन्संचं पत्र आलं. त्या आणि त्यांचे यजमान, भावोजी, मे महिन्यात आमच्याकडे येणार होते. 'तुझा वाघ बघूनच परत जाणार,' असं लिहून त्यांनी खाली दोन रेघा मारल्या होत्या.

माझ्यापुढे दोन मार्ग होते. एक, त्या यायच्या आधी खरं सांगून टाकायचं. दोन, त्यांना खरा वाघ दाखवायचा, म्हणजे लाकडाचा वाघ आपोआप मागे पडेल. यांना विचारलं तर हे म्हणाले, "तिसराही आहे. मी आजारी पडतो." मी दुसरा मार्ग निवडला आणि यादी करायला बसले.

गाडी ठरवली ती मागून उघडी जीप. चालवणारा भाऊ जंगलातल्याच एका गावचा. बोलायला सुरुवात केली की थांबवावा लागे, एवढाच त्याचा दोष. वाटाड्या म्हणून वनरक्षक मिळेना. जंगलात वणवे लागले होते आणि सगळे तिकडेच होते. जंगलाच्या नाक्यावरचा माणूस म्हणाला, "हा ड्रायव्हर आहे ना, मग कुणी नको."

निघायच्या आदल्या दिवशी मी त्या भाऊला बाजूला घेऊन सांगितलं, "वाघदेवाजवळ गाडी थांबवायची नाही. जातानाही नाही, येतानाही नाही. आणि त्याच्याबद्दल एक अक्षर बोलायचं नाही."

"नमस्कार तं करा लागते, बाई."

"चालत्या गाडीतून करा."

"तो आमचा देव आहे, बाई. तुम्ही त्याले काऊन भेऊन राह्यल्या?"

"भाऊ, बोलायचं नाही म्हणजे आत्तापासूनच."

त्याने ओठांवर बोट ठेवलं, पण हसत.

वन्सं आणि भावोजी आले. वन्संनी येताना नवी दुर्बीण आणली होती. पहिल्या संध्याकाळी गच्चीवर बसून त्या भावोजींना सांगू लागल्या, "वहिनीची बस अशी वळली आणि वाघानं थेट बसवरून उडी मारली."

मी म्हटलं, "वन्सं, उडीचं मी लिहिलं नव्हतं."

"राहून गेलं असेल गं. एवढ्याशा कागदात काय काय मावणार?"

आमचे हे तेव्हाच उठून पाणी भरायला गेले. नळाला पाणी नव्हतं.

मग मी दुसऱ्या दिवसाचा बेत वाचून दाखवला. प्रत्येकाला एक दिशा. वन्संकडे डावी बाजू, भावोजींकडे उजवी. आमचे हे मागच्या बाजूला, मागे तोंड करून. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, समोर आणि वर झाडांवर, कारण बिबट झाडावर असू शकतो. बोलायचं अजिबात नाही. जनावर दिसलं की फक्त बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे हरणाच्या जातीतलं काहीही, दोन म्हणजे गवा, तीन म्हणजे अस्वल, चार म्हणजे बिबट, पाच म्हणजे वाघ.

"आणि डुक्कर?" भावोजींनी विचारलं.

"डुकराला मूठ."

"घोरपड दिसली तर?"

"घोरपड यादीत नाही."

"पण दिसली तर?"

"तर बघायची आणि गप्प बसायचं."

भावोजी पुण्याला एका कचेरीत मोठे साहेब होते. त्यांना असं कुणी बोलत नसावं.

पहाटे पाचला निघालो. प्रत्येकाच्या डोक्याला ओला दुपट्टा आणि खिशात एक कांदा. आमच्याकडे उन्हाळ्यात कांद्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. उन्हाची लू लागत नाही. भावोजींनी कांदा दोन बोटांत धरून विचारलं, "हा सोलायचा की नुसता बाळगायचा?"

"नुसता बाळगायचा. चक्कर आली की फोडून हुंगायचा."

"वाघाला वास जाईल."

"भावोजी, वाघ कांदा खात नाही."

सहा वाजून दहा मिनिटांनी वाघदेवाचं वळण येणार होतं. मी बेतात बरोबर तेवढ्याच वेळी पन्हं ठेवलं होतं. पेले वाटले, चिमूटभर मीठ वाटलं, वन्संचा पेला त्यांच्या हातात मुद्दाम काठोकाठ भरून दिला, म्हणजे सांडू नये म्हणून त्या पेल्यातच बघतील. डाव्या हाताला मोहाखाली तो दिसला, पिवळा, एका कानाचा. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरून एक हात उचलून कपाळाला लावला. कुणाला काही कळलं नाही.

"सकाळी सहाला पन्हं कोण पितं गं?" वन्सं म्हणाल्या.

मी ओठांवर बोट ठेवलं.

त्या दिवशीची हजेरी तशी वाईट नव्हती. चितळ इतके होते की दहाव्यानंतर वन्संनी बोट वर करणंच सोडलं. तळ्यावर मगर होती. तिच्यासाठी बोटं ठरली नव्हती म्हणून वन्संनी दोन्ही हातांनी जबडा करून दाखवला. गव्यांचा कळप निघाला आणि रस्त्यातच उभा राहिला. वीस मिनिटं आम्ही त्यांच्याकडे आणि ते आमच्याकडे बघत होतो. शेवटी कंटाळून तेच गेले. वानरांनी आमच्या पुऱ्यांचा एक डबा पळवला. झाडावर बसून त्यांनी पुऱ्या एकेक करून तपासल्या आणि लोणचं लागलेल्या तेवढ्या खाली टाकल्या.

सागाच्या वाळक्या पानांनी मात्र आम्हाला फार छळलं. त्या पानांवरून सरडा गेला तरी मोठं धूड चालल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा असा आवाज आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी श्वास रोखले. आवाज जवळ येत गेला, आणखी जवळ आला, आणि पानांतून सातभाई पक्ष्यांची टोळी कलकलत बाहेर पडली. दुसऱ्यांदा मुंगूस होतं. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं. नुसतं पान पडलं होतं.

अकराच्या सुमाराला भावोजींनी करंगळी वर केली. आम्ही सगळे उजवीकडे डोळे फाडून बघू लागलो. ड्रायव्हरने गाडी बंद केली. वन्संनी दुर्बीण लावली. दोन मिनिटं झाली तरी भावोजींची करंगळी वरच. शेवटी मी कुजबुजले, "किती लांब आहे?"

"तेच तर विचारतोय," भावोजी म्हणाले, "आडोसा किती लांब आहे?"

दुपारी विश्रामगृहाच्या ओसरीवर जेवलो. झळा अशा की समोरचं तळं हलत होतं. वन्सं जेवल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, मी भिशीतल्या चौघींना कबूल करून आलेय गं. बघूनच येईन म्हटलंय. नाही दिसला तर आता म्हणतील, हिच्या वहिनीचा वाघही खोटाच असेल."

मी त्यांना पन्हं दिलं. हजेरीपट काढून मी ती जुनी ओळ पुन्हा वाचली. 'डाव्या हाताला, मोहाखाली, बसलेला.' लाल गोल फिकट झाला होता. यादीतला दुसरा मार्ग संपत आला होता. सहाला नाका बंद होणार होता आणि आमच्या हातात फक्त परतीचा रस्ता होता.

साडेपाचला आम्ही त्या रस्त्यावर होतो. ऊन तिरपं होऊन डोळ्यांवर येत होतं, धुळीने सगळं पिवळट दिसत होतं. वन्संनी दुर्बीण पिशवीत ठेवली होती. आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावर पाच बोटं इतक्या जोराने मारली की दुसऱ्या दिवशीही ती दिसत होती.

डाव्या हाताला, मोहाखाली, तो बसला होता. तोंड रस्त्याकडे.

ड्रायव्हरने गाडी हळू केली. मी बघितलं. आलंच शेवटी ते वळण. वन्संचा चेहरा असा झाला होता की तो वर्णन करण्यापेक्षा सोडून देते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. वन्संनी पाहिला असता, भावोजींनी पाहिला असता, पुण्याच्या चौघी गप्प झाल्या असत्या आणि माझ्या खोट्या 'ह'ला सोबत मिळाली असती. एवढा विचार करायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी वसतिगृहातल्या साठ मुलींना खोटं न बोलण्याबद्दल दिलेली सगळी भाषणं मला आठवली. मी मागे वळले.

"वन्सं, तो वाघ नाही. लाकडाचा आहे."

"काय?"

"वाघदेव आहे. गावकऱ्यांनी कोरून बसवलाय. साडेतीन वर्षांपूर्वी मी पाहिला तोही हाच. मला तेव्हा कळलं नाही. कळल्यावर तुम्हाला कळवायचं होतं, ते राहिलं. छत्तीस महिने राहिलं."

इंजीन फुरफुरत होतं.

"बाई," ड्रायव्हर म्हणाला, "तो तं..."

"भाऊ, तुम्ही मध्ये बोलू नका."

वन्संनी डोळे पुसले. "म्हणजे बसवरून उडी..."

"ती तुम्ही मारायला लावली."

"हो," वन्सं म्हणाल्या. "ती माझीच." आणि पदर खोचत, "तुझं पत्र मी देव्हाऱ्यात ठेवलंय गं."

भावोजींनी दुर्बीण लावून वाघदेवाकडे बघायला सुरुवात केली. बहुतेक आम्हा दोघींना सावरायला वेळ मिळावा म्हणून. ते म्हणाले, "काम मात्र छान केलंय. डोळे काचेचे बसवलेत वाटतं."

वन्संनीही बघितलं. "मिशा जरा जास्त झाल्यात. आणि पोटाजवळ रंग उडालाय."

"दरवर्षी रंगवत नसतील," मी म्हटलं. बोलून मोकळी झाल्याने मला एकदम हलकं वाटत होतं. "एक कान तुटलेला आहे बघा."

"दोन्ही आहेत की," भावोजी म्हणाले.

"मग दुरुस्त केला असेल."

"डावा आत्ता हलल्यासारखा वाटला."

"भावोजी, तुम्हाला ऊन लागलंय. कांदा हुंगा."

"बाई," ड्रायव्हर पुन्हा म्हणाला, "मी सांगून राह्यलो का..."

"भाऊ!"

वन्सं म्हणाल्या, "देव आहे ना, मग रिकाम्या हाताने कसं जायचं?" वानरांच्या हाती न लागलेल्या डब्यातली शेवटची तिखट-मिठाची पुरी त्यांनी काढली, हात जोडले आणि पुरी नेमकी त्याच्यासमोर टाकली. नेम चांगला होता. सावलीला लहानपणी आंबे पाडलेला हात. मग म्हणाल्या, "खाली उतरून जवळून नमस्कार करते. दोन मिनिटं." आणि एक पाय जीपच्या बाहेर टाकला.

"वेळ नाही," मी घड्याळ बघून म्हटलं. "सहाला नाका बंद होतो. बेतात उतरणं नाही."

"दोनच मिनिटं गं."

तेवढ्यात ड्रायव्हरने न विचारता गाडी अशी पुढे काढली की वन्सं भावोजींच्या मांडीवर बसल्या. मी त्याला चांगलंच बोलले. म्हटलं, बायामाणसं गाडीत आहेत, गाडी हाकायची ही पद्धत आहे का? त्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. मला वाटलं, ऊन.

असे आम्ही साधारण अर्धा मैल गेलो. वन्सं म्हणाल्या, जाऊ दे, वाघ नाही तर नाही, देव तर भेटला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पुन्हा या. सगळं छान मिटत आलं होतं. तेव्हा रस्ता वळला आणि उजव्या हाताला मोहाच्या झाडाखाली वाघदेव दिसला.

पिवळा रंग, काळे पट्टे, एक कान तुटलेला, पुढे दगडांची रास.

ड्रायव्हरने हात उचलून कपाळाला लावला आणि गाडी थांबवली.

इतकी शांतता मी आख्ख्या दिवसात मागितली होती आणि मिळाली नव्हती.

जाताना डाव्या हाताला असलेली वस्तू येताना उजव्या हाताला असते. हे मी वसतिगृहातल्या मुलींचा भूगोलाचा अभ्यास घेताना शिकवलेलं होतं.

"मग मघाचा?" भावोजींनी विचारलं.

"मघाचा खरा," ड्रायव्हर म्हणाला. "मी केव्हाचा सांगून राह्यलो, पण बाई बोलूच नाई देत. या दुसऱ्या बाईंचा पाय खाली गेला तं माहा जीव इथी आला." त्याने गळ्याला हात लावला. "देवाच्या वाट्याची पुरी खऱ्याले देल्ली तुम्ही."

तेव्हा कुठे आम्हाला आमचे हे आठवले. मागे वळून बघितलं तर हे मागे तोंड करून बसलेले, उजवा हात उंच, पाचही बोटं पसरलेली. तो हात भरून आला होता म्हणून डाव्या हाताने धरून ठेवला होता.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"आपण निघालो तसा तो उठला," हे म्हणाले. "आळस दिला. रस्त्यावर आला, गाडीकडे बघत उभा राहिला. मी बोटं दाखवत होतो."

"मग ओरडायचं ना!"

"बोलायचं नाही ठरलं होतं."

"काऊन गं वहिनी!" वन्सं एकदम सावलीच्या झाल्या. वीस वर्षांचं पुणं एका क्षणात गळून पडलं. "माय वं! मी त्याले मिशा जास्त म्हटलं! त्याच्या पोटाले रंग नाई म्हटलं! मले खाली उतरू देऊन राह्यली होतीस तू?"

"देत नव्हते," मी म्हटलं. "वेळ नव्हता."

गाडी मागे फिरवली. नाका बंद व्हायला सतरा मिनिटं होती. मी ती दिली. मोहाखाली कुणी नव्हतं. दबलेलं गवत होतं, रस्त्याच्या धुळीत पंजे उमटले होते, एकापुढे एक, निवांत. पुरी तिथेच होती. एक पंजा पुरीच्या अगदी शेजारून गेला होता, पुरीला चुकवून.

वन्सं बराच वेळ त्या पुरीकडे बघत होत्या. "शिवलाही नाही," त्या म्हणाल्या.

"वानरांनी तरी खाल्ल्या," भावोजी म्हणाले.

मग वन्संना हसू आलं. त्या एकदा हसायला लागल्या की थांबत नाहीत. त्यांना उचकी लागली, उचकीला पन्हं दिलं, पन्ह्याने ठसका लागला आणि ठसक्याला ड्रायव्हरने आपल्या खिशातला कांदा फोडून दिला. नाक्यावर पोचलो तेव्हा पाचही जण डोळे पुसत होतो. नाक्यावरच्या माणसाने विचारलं, "काय, नाई दिसला?"

"दिसला," वन्सं म्हणाल्या.

घरी आल्यावर मी हजेरीपट काढला. जुन्या 'ह'वर आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'लाकडी.' नव्या रकान्यात लिहिलं, 'ह. डाव्या हाताला. लाकडी समजून पाहिला.' कामांच्या यादीत 'वन्संना वाघाबद्दल कळवणे' या ओळीपुढे छत्तीस महिन्यांनी बरोबरची खूण केली.

वन्सं माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "लाकडी समजून, हे लिहायलाच हवं का?"

"झालं तसं लिहायचं."

"सहा पावलांवरून पाहिला, तो गुरगुरला, एवढं लिहिलंस तर काय बिघडतं? मी तुझ्या पत्राला तीन वर्षं सांभाळलं. तू माझं एवढंसुद्धा करणार नाहीस?"

आता त्यांची अब्रू माझ्या यादीत अडकली होती. मी विचार केला आणि अंतर पंधरा पावलं लिहिलं, कारण पंधराच होतं. गुरगुरण्याचं लिहिलं नाही. मात्र त्यांना शब्द दिला की तो हजेरीपट घराबाहेर जाणार नाही आणि विचारल्याशिवाय ही गोष्ट मी कुणाला सांगणार नाही. पुण्यात पुढे त्यांनी काय सांगितलं ते मला नीट ठाऊक नाही. दोन वर्षांनी तिकडच्या एका लग्नात एका अनोळखी बाईंनी मला विचारलं, "तुमच्या नणंदेच्या हातून वाघानं पुरी खाल्ली म्हणे?" मी जेवणाच्या पंगतीची यादी बघायला गेले.

इतकी वर्षं शब्द पाळला. आता हे लिहायचं म्हणून गेल्या महिन्यात वन्संना रीतसर पत्र टाकून विचारलं. उत्तर उलट टपालाने आलं. लिहायला हरकत नाही, लाकडाचंही लिही, मिशांचंही लिही, आता कोण विचारतंय. फक्त त्याने पुरी खाल्ली नाही हे लिहू नकोस.

मी ते गाळायचा दोनदा प्रयत्न केला. पण न खाल्लेली पुरी हजेरीपटात आहे, शेऱ्याच्या रकान्यात, अंतरासकट.